कुऱ्हाडे बरोबर कुर्‍हाडे नाही म्हणे

सहाशे चाळीसपैकी सहाशे चाळीस. म्हणजे एकही नाव जुळलं नाही, स्क्रिप्टचं (मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं) म्हणणं असं की या दोन याद्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. आणि मी दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडून बघतोय तर तीच नावं, तीच गावं, तोच क्रम जवळजवळ. रात्रीचे साडेअकरा, मे महिना, सोलापूरचा उकाडा तुम्हाला माहितीच आहे, फॅन गरम हवाच फिरवतो नुसती.

काम साधं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांकडं दोन याद्या होत्या. एक ऑफिसमधली, बिलाची, स्प्रेडशीटमधून काढलेली. दुसरी हिशोब बघणाऱ्या काकांनी मोबाईलवर मराठीत टाइप करून ठेवलेली, कुठल्या पार्टीला माल पोचला त्याची. मालकांना एवढंच पाहिजे होतं की बिल झालंय पण माल पोचल्याची नोंद नाही अशा पार्ट्या कोणत्या. मी म्हटलं मालक, पाच मिनिटांचं काम आहे, ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) एक यादी दिली की दुसरीतली उरलेली नावं काढून देतो. पाच मिनिटं! हे वाक्य तोंडातून निघालं की समजायचं, रात्र गेली.

(कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, कॉपी-पेस्ट करू नका, चालणार नाहीत, हातानं टाइप करा, हात दुखत नाहीत.)

पहिला चोर लगेच सापडला कारण तो जुना ओळखीचा आहे. बिलाची यादी विंडोजवर बनलेली. विंडोजमध्ये ओळ संपली की दोन कॅरेक्टर बसतात, कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड, लिनक्समध्ये (माझ्या कॉम्प्युटरची सिस्टीम) एकच, लाईन फीड. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा उजवीकडं ढकलायचा आणि कागद वर सरकवायचा, ही दोन कामं वेगळी होती, तेच अजून आपल्या मानगुटीवर बसलंय. तर लिनक्सच्या दृष्टीनं माझ्या प्रत्येक नावाच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेक्टर चिकटलेलं. स्क्रीनवर "बार्शी" आणि "बार्शी", पण एकाला शेपूट. कॅट डॅश कॅपिटल ए करून बघितलं की ओळीच्या शेवटी टोपी, एम आणि डॉलर दिसतो, तो एम म्हणजेच ते शेपूट. (त्याच आउटपुटमध्ये आपली मराठी अक्षरं सगळी कचरा दिसतात, घाबरू नका, फक्त शेवट बघायचा.) डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड असेल तर ती मारा, नाहीतर टीआर डॅश डी नं उडवा (टीआर म्हणजे एकाच्या जागी दुसरं टाकणारी किंवा उडवणारी कमांड).

उडवलं. ६४० वरून थेट १५२ वर आलो. म्हटलं चला, झालंच.

नाही झालं. पहिल्या ओळीतलं नाव काही केल्या जुळेना, बाकी त्याच गावाची नावं जुळतायत आणि हे एकटंच रुसलेलं. पहिल्याच ओळीत गडबड असली की डोळे मिटून बीओएम बघायचा, बाईट ऑर्डर मार्क, फाईलच्या अगदी सुरुवातीला बसलेले तीन बाईट, ईएफ बीबी बीएफ. काही सॉफ्टवेअर सेव्ह करताना ते गुपचूप टाकतात, ही फाईल यूटीएफ-८ (अक्षरं बाईटमध्ये साठवायची एक पद्धत) आहे हे कळावं म्हणून. हेतू चांगला, पण शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्याचं काय, त्याला ते नावाचाच भाग वाटतं. मग स्पेस. काकांच्या यादीत काही नावांनंतर एक स्पेस, काहींच्या मध्ये दोन, आणि काही ठिकाणी तर स्पेस दिसते पण ती स्पेस नाहीच, नॉन-ब्रेकिंग स्पेस नावाची तिची जुळी बहीण, बाईट वेगळे, सी२ ए०. कुठूनतरी कॉपी करून चिकटवलं की येते ती. सेडला (मजकुरात बदल करणारी कमांड) तिची साधी स्पेस करायला सांगितली, मग एकापेक्षा जास्त स्पेसची एक केली, शेवटची कापली.

इथं थोडा थांबून दुसरंच सांगतो, कारण त्याच रात्री माझं स्वतःचं एक जुनं पाप बाहेर आलं. त्या फोल्डरमध्ये एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर ९ नावाची एक फाईल. नुसतं ९, पुढं मागं काही नाही, शून्य बाईट. मी काही अशी फाईल केलेली नव्हती. मग आठवलं, महिन्याभरापूर्वी याच कारखान्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, की फरक ९ पेक्षा जास्त असेल तर मला मेसेज पाठव, आणि ती मला रोज मेसेज पाठवायची, फरक दोन असला तरी. मी समजायचो की डेटाच खराब असेल. मी काय केलेलं तर एकेरी चौकोनी कंसात > हे चिन्ह वापरलं. आता शेलमध्ये > म्हणजे "पेक्षा मोठं" नाही हो, > म्हणजे आउटपुट या फाईलमध्ये टाक. तर माझी ती अट दर वेळी ९ नावाची फाईल बनवत होती आणि अट म्हणून उरत होता फक्त तो पहिला आकडा, तो रिकामा नसला की खरं. म्हणजे कायम खरं. महिनाभर.

मूळ गोष्ट अशी आहे की शेलमध्ये तो डावा कंस [ म्हणजे व्याकरण नाही, ती एक कमांड आहे. खरंच, यूजर-बिन फोल्डरमध्ये बघा, [ नावाची फाईल असते. टेस्ट या कमांडचंच ते दुसरं नाव, आणि उजवा कंस हा फक्त तिचा शेवटचा आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडला दिलेला शब्द. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे विचित्र नियम आपोआप कळतात. कंसानंतर स्पेस का लागते? कारण कमांड आणि आर्ग्युमेंटमध्ये स्पेस लागतेच, एलएस डॅश एल लिहिताना आपण जोडून लिहितो का. बरोबरच्या चिन्हाच्या (=) दोन्ही बाजूंना स्पेस नाही दिली तर काय होतं? एररसुद्धा येत नाही, तेच वाईट आहे. डावं, बरोबर आणि उजवं हे सगळं चिकटून एकच शब्द होतो, तो रिकामा नाही म्हणून अट खरी. आणि गंमत म्हणजे व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाला) किंमत देताना उलटं, तिथं बरोबरच्या आजूबाजूला स्पेस दिली की कमांड नॉट फाउंड. इथं पाहिजे, तिथं नको. नवीन पोरं रडतात ती इथंच, मीही रडलोय.

अवतरण चिन्हांचंही तसंच. व्हेरिएबल अवतरणात टाकला नाही आणि तो रिकामा निघाला तर कंसात डावीकडं काहीच उरत नाही, मग युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड अशी एरर. आणि त्याच्यात "नवी पेठ" असं दोन शब्दांचं काही आलं तर टू मेनी आर्ग्युमेंट्स, कारण शेलनं नवी वेगळं आणि पेठ वेगळं केलं. आपल्याकडं सगळ्या पत्त्यांत दोन शब्द, साखर पेठ, अशोक चौक, सात रस्ता, होटगी रोड, म्हणजे अवतरण नसलेली स्क्रिप्ट सोलापुरात एक दिवस चालणार नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये दोन्हीकडं एक फालतू एक्स अक्षर जोडलेलं दिसतं ना, ते याच भीतीनं. दुहेरी कंस [[ वापरले तर ही पेठेची भानगड राहत नाही, ते बॅशचं (माझ्या शेलचं नाव) स्वतःचं व्याकरण आहे, कमांड नाही, आणि तिथं > म्हणजे खरंच तुलना होते, फाईल बनत नाही.

पण! ती तुलना अक्षरांची. १० आणि ९ मध्ये मोठं कोण तर ९, कारण पहिलं अक्षर १ हे ९ च्या आधी येतं, पुढं बघायची गरजच नाही. डिक्शनरीसारखं. आकड्यांसाठी डॅश जीटी किंवा दुहेरी गोल कंस. सॉर्टचंही तेच, नुसतं सॉर्ट केलं की १, १०, ११, २ असा क्रम, डॅश एन दिल्यावर डोकं ठिकाणावर येतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा सॉर्टसुद्धा न सांगता असाच करतो, आकड्यांची यादी दिली तरी आधी त्यांच्या स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) बनवून तुलना करतो. जावामध्ये दोन स्ट्रिंगमध्ये == टाकला की मजकूर नाही, वस्तू एकच आहे का ते बघतं, त्यासाठी इक्वल्स लागतं. आणि सी मध्ये स्ट्रकम्प, जो सारखं असेल तर शून्य देतो आणि शून्य म्हणजे खोटं, म्हणजे सारखं असलं की अट खोटी! शेलमध्ये परत उलटं, शून्य म्हणजे यशस्वी म्हणजे खरं. एकानंही दुसऱ्याला विचारून केलेलं नाही काही.

असो. यादीकडं परत.

आता उरले ९७. यातले बरेच दुकानाच्या गाळा नंबरामुळं अडकलेले. ऑफिसच्या यादीत गाळा नंबर इंग्रजी आकड्यात, काकांच्या यादीत मराठी आकड्यात. आपल्याला १३ म्हणजे तेरा, कुठल्याही लिपीत लिहा, पण कॉम्प्युटरला ते आकडे वेगळे, कोड वेगळे. डॅश ईक्यू नं (आकडे सारखे आहेत का) तुलना केली तर शेल म्हणतं हा इंटिजरच नाही. ऑकला (ओळी आणि रकाने वाचणारी कमांड) तर तो शून्य वाटतो, आणि तो बोलतही नाही तसं, हे जास्त धोक्याचं. पायथन ही भाषा यात हुशार, इंट मध्ये मराठी तेरा टाकला तर खरंच तेरा देतो, फार कमी जणांना माहिती आहे हे. पण स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर तोही म्हणणार वेगळे.

मी आधी टीआर वापरायला गेलो, मराठी दहा आकडे देऊन इंग्रजी दहा आकडे, आणि फाईलचा पार चिवडा झाला. कारण लिनक्सवरचा टीआर अक्षरं बघत नाही, बाईट बघतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईटचं. "सोलापूर" घ्या. आपल्याला चार अक्षरं दिसतात, सो ला पू र. युनिकोडला (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणारं स्टँडर्ड) सात, कारण काना मात्रा ऊकार वेगळे मोजले जातात. आणि बाईट एकवीस. डब्ल्यूसी डॅश सी ला (बाईट मोजणारी कमांड) विचारलं तर एकवीस, इको मधून पाठवलं तर शेवटचा लाईन फीड धरून बावीस. आता सांगा लांबी किती? ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो आणि सगळे खरं बोलतात. ही यूटीएफ-८ ची आयडिया केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर काढली होती. आपल्याकडं पार्क चौकात बसून आम्ही मॅटवर फक्त बिलाची वाटणी करतो.

टीआर सोडून सेडचा वाय (एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारी सूचना) वापरला, त्याला अक्षरं कळतात, पण लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ असेल तरच. आकडे जुळले. ४१ उरले.

तेवढ्यात मित्राचा फोन, "काय करूलालास बे अजून, झोप की". म्हटलं कुऱ्हाडे जुळंना. तो म्हणाला कोण कुऱ्हाडे?

हा खरा मासा होता रात्रीचा. एका यादीत कुऱ्हाडे, दुसऱ्या यादीत कुर्‍हाडे. बघा नीट. झूम करून बघा. काही फरक दिसतो? नाही ना? पण पहिला चोवीस बाईटचा आहे आणि दुसरा सत्तावीसचा. हे आपल्या मराठीचं खास दुखणं आहे, तो जो अर्धा र असतो ना, दुसऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, त्याच्यातला चंद्रकोरीसारखा, तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलंत, मग ह. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य कॅरेक्टर, मग ह. कोणता कीबोर्ड काय टाकेल ते त्याच्यावर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक, काकांच्या मोबाईलवर दुसरं. डोळ्याला एकच. आणि मला वाटलं युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान धरलेली अक्षरं एकाच रूपात आणणं) केलं की सुटेल, पायथनमध्ये दोन ओळींचं काम, तर तेही नाही, युनिकोडच्या नियमांत या दोन जोड्या समान धरलेल्याच नाहीत. नुक्तावाला ऱ आणि र अधिक वेगळा नुक्ता, हे समान धरतात, पण जॉइनरवाला परका. म्हणजे हातानंच बदल करायचा, र हलंत जॉइनर दिसलं की ऱ हलंत कर. केलं. दोन दिवस शोधत बसलो असतो, एक्सएक्सडी मधून बाईट बघितले म्हणून सापडलं, मधेच ई२ ८० ८डी असे तीन बाईट बसलेले. मराठी याद्या जुळवायचं काम कुणी करत असेल तर हे आधी करा, राव. आडनावांत, पत्त्यांत, "दुसऱ्या मजल्यावर" मध्ये, सगळीकडं लपलेलं असतं.

पायथनचा आणखी एक किस्सा याच जातीचा. त्याच्या साध्या रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची सोय) शब्द शोधायला बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतात, तो "सोलापूर" चे तुकडे करतो, स, ल, प, र. काना मात्रा त्याच्या लेखी अक्षरं नाहीतच. रेजेक्स याच नावाचं वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल केलं की नीट होतं.

स्क्रिप्ट आता हातानं नीट चालत होती, मी ती क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) लावली पहाटे चारची आणि झोपलो. सकाळी बघतो तर कॉम (दोन सॉर्ट केलेल्या फाईली ताडून बघणारी) कमांडची तक्रार, फाईल सॉर्ट केलेली नाही. केलेली होती! पण एक फाईल मी रात्री माझ्या टर्मिनलवर सॉर्ट करून ठेवलेली, मराठी लोकेलमध्ये, आणि दुसरी क्रॉननं केली, ज्याला माझं लोकेल माहितीच नसतं, तो बाईटच्या क्रमानं लावतो. बाईटच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या मुळाक्षरांत तो ह च्या नंतर. मग माळशिरस कुठं आणि मावळ कुठं याच्यावर दोघांचं जमेना. सेडचा तो वाय पण क्रॉनमध्ये म्हणूनच फसला होता. तुलनेसाठी सॉर्ट करायचं असेल तर दोन्हीकडं एलसी ऑल बरोबर सी (म्हणजे साधा बाईटचा क्रम) ठेवा, क्रम बरोबर असायची गरज नाही, सारखा असायची आहे. सेडला मात्र यूटीएफ-८ वालं लोकेल द्या. माणसांना दाखवायची यादी शेवटी वेगळी सॉर्ट करा.

तर शेवटी उरली १८ नावं. आणि ही सगळी स्पेलिंगची. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका गल्लीत, त्यामुळं आडनाव ऐकणारा आपल्या कानानं लिहितो. गड्डम कुणी गडम लिहितं. गावाचंही तेच, अक्कलकोट आणि अकलकोट, मंगळवेढा आणि मंगळवेढे, कुर्डुवाडी ऱ्हस्व का दीर्घ यावर तर पाटीपाटीगणिक वेगळं मत. मी हौसेनं लेव्हनश्टाइन अंतर लावलं, म्हणजे एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात ते मोजायचं, व्लादिमीर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये मांडलेलं. अक्कलकोट आणि अकलकोट यांच्यात अंतर दोन, एक क आणि एक हलंत. म्हटलं दोनपर्यंत सारखं धरू. आणि लगेच माढा आणि मेढा एक झाले. अंतर एक! माढा आपला, सोलापूर जिल्ह्यातला, मेढा तिकडं साताऱ्यात जावळीत. माल कुठं गेला असता विचार करा.

दुपारी ती १८ नावं कागदावर काढून काकांकडं गेलो. काकांनी चष्मा वर केला, पेन्सिल घेतली, आणि चहा येईपर्यंत संपवली यादी. हा बाप, हा पोरगा, गाळा एकच. हे आता दुसऱ्या नावानं बिल मागतात. हा गेला, धंदा बंद. मी शेजारी उभा राहून बघत होतो, कुठलं अंतर लावतात काय माहिती.

मग त्यांनी जुळलेली यादी पण मागितली. मी म्हटलं काका ती बरोबर आहे, ती नका बघू. तरी बघितली, आणि एका नावावर पेन्सिल ठेवली. "ह्ये दोन माणसं हायत. नाव एकच. एक साखर पेठेतला, एक अशोक चौकातला. बिल ह्याचं, माल त्याला गेलाय."

स्ट्रिंग अगदी बाईट-टू-बाईट सारखी होती. सगळं धुऊन पुसून स्वच्छ केलेली. आणि माणसं दोन.

नावावर जुळवणं सोडून दिलं मी, मोबाईल नंबरावर जुळवू म्हटलं, दहा आकडे, त्यात काय घोळ होणार. काका म्हणाले आहेत की सगळ्यांचे नंबर, देतो पाठवून. संध्याकाळी फाईल आली. उघडली.

मराठी आकडे. प्रत्येक पाच आकड्यांनंतर स्पेस. आणि अर्ध्या नंबरांच्या आधी शून्य.